आप्पांच्या तलावाचा तक्ता

बाळांनो, आपल्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका पारखून जगणारा माणूस संभाजीनगरातच काय, अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. तुम्हाला ते आठवतच असतील. मागच्या खेपेला बागेतल्या झोपाळ्यावर तुम्हाला बसू देण्याआधी ते स्वतः बसले होते, आणि साखळी तुटल्यावर "बघा, वाचलात!" म्हणत लंगडत घरी गेले होते. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं नटबोल्ट तपासले. निवृत्त झाल्यावर बोल्ट संपले, सवय राहिली. खुर्ची घ्यायची तर दुकानात तिच्यावर बसून सबंध वर्तमानपत्र वाचतात, मगच बोलतात. पाहुण्यांना घराचा रस्ता सांगताना गतिरोधक मोजून सांगतात. आपल्या वळणावर एक नवा झाला तेव्हा सगळ्या नातेवाइकांना फोन गेले. नापसंतीला त्यांचा एकच शब्द आहे: "रिजेक्ट." माझी शेवयांची खीर दोनदा रिजेक्ट झाली. तिसऱ्यांदा मी ती खाली पाठवलीच नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांचे वडील, आप्पा, गावाहून आले. गाव गोदावरीच्या काठावर. काकांची आई गेल्यापासून आप्पा तिथे एकटेच राहत होते, आणि त्या पावसाळ्यात अंगणात घसरून दुपारभर पडून राहिले होते. त्यांनी आता इथेच राहावं एवढंच काकांचं म्हणणं. आप्पांनी आल्या दिवशीच अट घातली. "मला गळ टाकून बसाया पाणी दाव. आठ दिसांत घावलं तर राहतो. नाय तर सोमवारच्या गाडीनं मी आपला गावाकडं." त्यांनी सोबत कपड्यांची एक पिशवी आणि बांबूचा गळ एवढंच आणलं होतं, अट पुरी होईल असं त्यांनाही फारसं वाटत नसावं.

काका त्याच संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे आले. "वहिनी, तपासणीचा तक्ता करायचाय. तुमचं अक्षर चांगलं." मला आखीव कामाची आवड, तुम्ही जाणताच. दोघांनी बसून अकरा रकाने पाडले: सावली, बसायला सपाट जागा, गाडी किती जवळ जाते, चहाची टपरी, दवाखान्याचं अंतर, मोबाइलची रेंज, काटेकुटे, गुरांचा त्रास, पाण्याचा स्वच्छपणा, काठाचा उतार आणि सरपंचांची परवानगी. पुढचे दोन दिवस काका स्कूटरवर फिरले. हर्सूलकडची जागा गर्दीमुळे रिजेक्ट. लासूर स्टेशनच्या बाजूचा एक तलाव चिखल, बाभळी आणि म्हशी या तीन कारणांनी रिजेक्ट. तिथल्या एका म्हशीने त्यांच्या वहीचं पान खाल्लं, हे चौथं कारण त्यांनी मागाहून लिहिलं. शेवटी पाचोडच्या रस्त्यावरचा एक पाझर तलाव अकराच्या अकरा रकान्यांत उतरला. पाणी तर काचेसारखं! मी तक्ता लाल शाईने अधोरेखित केला.

तीन दिवस आम्ही आप्पांना तिथे नेलं. वर्तमानपत्र वाचून पारखलेली खुर्ची, छत्री, थर्मास, सगळं. आप्पा गळ टाकून शांत बसायचे, काका दर पंधरा मिनिटांनी त्यांना "पाठ दुखते का?" विचारायचे, आणि मी सावलीत बसून स्वेटर विणायची. गळाला काही म्हणजे काही लागलं नाही. शुक्रवारी सकाळी घरून निघण्याआधीच आप्पांनी पिशवीत धोतर भरायला घेतलं, तेव्हा काकांचा चेहरा पाहवेना. तलावावर पोचल्यावर शेजारच्या टपरीवाल्याला त्यांनी अखेर विचारलं, "काय हो, इथं मासे कधी लागतात?"

"मासे?" तो म्हणाला. "साहेब, उन्हाळ्यात ह्यो तलाव पार कोरडा पडला होता. गाळबी काढला. औंदा नुसतं पाणी हाय. मला वाटलं, आजोबांना डॉक्टरनं हवा खायाला सांगितलंय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी तक्त्याकडे. अकरा रकाने होते आणि मासे एकातही नव्हते. जन्मात मासा न खाल्लेली मी, आणि लहानपणी घशात काटा अडकल्यापासून माशाचं नाव न काढणारे काका. आमच्या कुणाच्या डोक्यात ते आलंच नव्हतं.

"आप्पा, तुम्हाला कळलं नाही?" काकांनी विचारलं.

"पयल्याच दिशी कळलं. आरं, तळ दिसतोय की."

"मग बोलला का नाहीत?"

"खुर्ची लई झाक ठेवली व्हती तू," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुमच्या कागदात सगळ्यात वंगाळ पाणी कंचं?"

मी लासूरचं नाव वाचून दाखवलं: चिखल, बाभळी, म्हशी. आप्पा उठलेच. "म्हशी बसत्यात? तितं गाळ हलतो, मासं चरायला येत्यात. उद्या तितंच चला."

शनिवारी सकाळी तिथे पोचलो. खुर्ची चिखलात रुतली, म्हणून आप्पा दगडावर बसले. काकांच्या पायात बाभळीचा काटा गेला. तासाभरात आप्पांनी हातभर लांबीची मरळ बाहेर काढली, आणि ती मोकळ्या हाताने धरायला त्यांनी काकांनाच बोलावलं. नाक दाबून, डोळे मिटून काकांनी ती धरली. "आता सांग," आप्पा म्हणाले, "रिजेक्ट?"

"पास," काका डोळे न उघडताच म्हणाले.

सोमवारची गाडी आप्पांविना गेली. पुढे तीन वर्षं, दर रविवारी ऊन उतरलं की बापलेक त्या दगडावर. मासे तिथे म्हशी राखणाऱ्या बाईकडे जायचे, काका घरी येऊन साबणाने चारदा हात धुवायचे. गेल्या फाल्गुनात आप्पा झोपेतच गेले.

काका अजूनही रविवारी तिथे जातात. गळ नेत नाहीत, वहीही नेत नाहीत. मी एकदा विचारलं, "आता काय तपासता?" म्हणाले, "काही नाही, वहिनी. बसतो."

तुम्ही येणार हे कळल्यापासून मात्र त्यांना पुन्हा काम लागलं आहे. म्हशींना भिता का, पोहता येतं का, सगळं विचारून झालं. काल दोन बांबू घेऊन वर आले आणि गळ कापायला तुमची उंची मागितली. मी दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलच्या खुणा मोजून दिल्या. मग लक्षात आलं, त्या दोन वर्षांपूर्वीच्या आहेत. काकांना म्हटलं, बांबू एवढ्यात कापू नका.