ओटीवरची परेड

पलटण वझिरिस्तानात होती आणि आम्ही बायका बेळगावच्या फॅमिली लाइन्समध्ये. गणपती होऊन गेले होते. एका दुपारी सुभेदारसाहेब स्वतः दारात आले आणि कागद वाचून दाखवला: हवालदार जखमी, उजव्या मांडीचं हाड गोळीने मोडलं, जिवाला धोका नाही. हवालदार म्हणजे माझे यजमान. दुसरा कागद टपालाने पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वरच्या वाडीला गेला: शिपाई धोंडू कामी आला. धोंडू हवालदारांच्याच सेक्शनमधला. आमचं गाव खाली ओढ्याकाठी आणि त्याची वाडी आमच्या डोक्यावर, कड्याच्या माथ्याला.

ज्यांनी फौज पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सरहद्दीवर फौजेची रांग खालच्या रस्त्याने जाते तेव्हा दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर थोडे थोडे शिपाई बसवतात. त्याला पिकेट म्हणतात. रांग पुढे गेली की खालून निशाण हलतं आणि पिकेटने धावत उतरायचं असतं. दुश्मन नेमकी हीच वेळ धरतो. त्या दिवशी निशाण हललं. हवालदारांनी हुकूम दिला, "पिकेट, वापस!" आणि नियमाप्रमाणे स्वतः सर्वांत मागे राहिले. गोळी लागून ते पडले तेव्हा धोंडू अर्धा उतार उतरला होता. त्याने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा वर चढला.

"धोंडू, वापस जाव! हुकूम है!"

"जी, हवालदारसाब," धोंडू म्हणाला आणि त्यांना पाठीवर घेतलं.

खाली नाल्यात, मोठ्या दगडाआड त्याने त्यांना ठेवलं. पाठ सरळ करायला उभा राहिला, तेव्हा त्याला गोळी लागली. स्ट्रेचर आलं. दोघांनाही नेलं. एकाची घाई नव्हती.

हाड हॉस्पिटलात जुळलं. पण इतके दिवस पाय बांधून ठेवल्यामुळे गुडघा वाकेना. डॉक्टरांनी लांब रजा दिली आणि नर्सिंग ऑर्डर्लीने मला समोर बसवून सगळे व्यायाम करून दाखवले. "घरी हेच करायचं," तो म्हणाला, "नाहीतर जन्मभर काठी."

आम्ही घरी पोचलो मार्गशीर्षात. बैलगाडी दारात थांबली तेव्हा अर्धा गाव जमला होता. हवालदार कुबड्या टेकून उतरू लागले, तर चौघांनी त्यांना उचललं आणि ओटीवरच्या बाजेवर नेऊन ठेवलं. तिथून त्यांना कोणी उतरूच दिलं नाही. आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत असतो, पण तीन पट्ट्यांचा हवालदार गावात हाच एक. त्याने स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या घ्यावा याची गावाला लाज वाटे. सकाळी दोन गडी येत, त्यांना उचलून परसात नेत, परत आणून ठेवत. सासूबाई रोज तेल चोळत आणि मग पाय घोंगडीत घट्ट गुंडाळून दोन्ही बाजूंनी उशा लावून पक्का करून ठेवत. पाय हलला तर हाड सुटेल अशी त्यांची समजूत. लाकडासारखा गुडघा आणखी लाकूड होत चालला.

"आत्याबाय," मी म्हटलं, "डॉक्टरांनी पाय हलवायला सांगितलाय."

"डाक्टर काय त्याची आय हाय?"

हवालदार म्हणजे रंगरुटांना रडेपर्यंत पळवणारा माणूस, पण दिवसभर कड्याकडे बघत पडून राही. बाजेवरून वरची वाडी सरळ समोर दिसायची. मी एकदा बाज फिरवायला घेतली.

"राहू दे," ते म्हणाले.

पौषात वरच्या वाडीचे गावकार रामजीबाबा उतरून आले. सुपारी कातरली, पिकापाण्याचं बोलणं झालं, मग मुद्द्यावर आले. बसऱ्याच्या लढाईत त्यांच्या वाडीतल्या एका घरी असाच कागद आला होता. घरच्यांनी दिवसकार्य उरकलं, बायकोच्या बांगड्या फोडल्या. पुढे तो माणूस धडधाकट चालत घरी आला. तेव्हापासून वाडीने ठरवून टाकलं की कागदावर कोणी मरत नाही. ज्याने मरण डोळ्यांनी पाहिलं त्याने घराच्या दारात येऊन सांगायचं, मगच सुतक धरायचं. धोंडूच्या आईने हा नियम घट्ट धरला होता. तिची सून चंद्रा कुंकू लावून शेतावर जात होती आणि पाणवठ्यावर बायका तिच्याशी बोलायच्या थांबल्या होत्या. सरकारी कागदात ती विधवा, घरात सवाशीण. आता शिमगा येणार. शिमग्याला देवीची पालखी घरोघर जाते, सुतकाच्या घरी जात नाही. धोंडूच्या दारात पालखी न्यायची की नाही, यावरून वाडीत दोन तट पडले होते.

"म्हातारीला खाली आनली असती," रामजीबाबा म्हणाले, "पन ती म्हनते, माजा लेक जित्ता हाय, मी कशाला जाऊ? तुमीच या, हवालदार. डोली धाडतो. चार गडी हायत."

"डोली नको."

"मग?"

"चालत येईन."

गावकारांनी घोंगडीतल्या पायाकडे पाहिलं. "ह्या पायानं तुमी उंबरा वलांडनार नाय. कडा काय चढताय!"

"मला एकदा उचलला तेवढा पुरे. उचलणाऱ्याच्या आयसमोर मी दुसऱ्याच्या खांद्यावरनं उतरू?"

गावकार गेले. हवालदारांनी घोंगडी सोडायला घेतली आणि मला म्हणाले, "काय गो, त्या ऑर्डर्लीनं काय काय सांगितलं होतं?"

अडचण निराळीच होती. हे व्यायाम एकट्याने होत नाहीत. दुखायला लागलं की माणूस थांबतो आणि नेमकं तिथूनच पुढे जायचं असतं. त्यासाठी हुकूम देणारं कोणी तरी डोक्यावर लागतं. आमच्या घरात बायको नवऱ्याला हुकूम सोडत नाही, आणि ओटीवर चार माणसांसमोर तर नाहीच. मी थेट सासूबाईंकडे गेले. त्या चुलीपुढे होत्या. गावकार काय बोलले ते त्यांनी आतून ऐकलं होतं.

"माजा आला, तिचा नाय आला," त्या म्हणाल्या. चुलीतली लाकडं पुढे सारली. मग म्हणाल्या, "सांग, काय करायचा ता."

दुसऱ्या दिवसापासून परेड सुरू झाली. मी आत माजघरात बसून तांदूळ निवडत सांगायची आणि सासूबाई ओटीवर उभ्या राहून हुकूम सोडायच्या. पहिला व्यायाम निजूनच: गुडघा ताठ ठेवून पाय वर उचलायचा, धरायचा, हळू खाली आणायचा.

"लेप वर!"

"आये, तो राइट हाय."

"माज्या पोटात व्हतास तवा दोनी सारकेच व्हते. वर!"

पाय थरथरत वर जाई. हवालदारांच्या कपाळावर घाम येई. पाय आपोआप खाली येऊ लागला की सासूबाई काठी खाली धरत. मारत नसत, पण धरत. गावातले पुरुष पायरीवर बसून बघत. एकाने म्हटलं, "मावशे, पोराला कशापायी छळतेस?" सासूबाईंनी त्याला गोठा झाडायला लावला. पुन्हा कोणी बोललं नाही. सकाळचे दोन गडीही मी बंद केले. परसात जायचं तर कुबड्यांवर, आणि पाणी हवं तर उठून माठापाशी.

मग मी विहिरीची कप्पी उतरवून ओटीच्या तुळईला टांगली. दोराचं एक टोक पायाच्या घोट्याला, दुसऱ्या टोकाला कळशी. पाय मागे ओढला की कळशी वर जायची आणि गुडघा वाकायचा. दर दोन-चार दिवसांनी मी कळशीत थोडं पाणी वाढवी. हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. मग ते छावणीतल्या हिंदुस्थानीत बोलू लागले.

"काय म्हनतो ह्यो?" सासूबाईंनी विचारलं.

"देवाचं नाव घेतायत."

"घे बाबा घे. पन पाय वोढ."

सासूबाईंनी हट्ट धरला म्हणून आम्ही गाडी करून महाडवरून सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेलो. कढत पाण्यात बसल्यावर गुडघा जेवढा वाकला तेवढा तोवर कधी वाकला नव्हता. त्या पाण्यात काय गुण आहे मला माहीत नाही, ऊब मला कळते. घरी आल्यावर रोज परेडीआधी हंडाभर पाणी तापवून फडक्याने गुडघा शेकायचा नियम केला. सरपण जास्त लागलं. लागू दे म्हटलं.

कुबड्या सुटल्या, काठी आली. मग उंबरा. पाय उंबऱ्यावर न टेकवता पलीकडे टाकायचा. उंबऱ्यावर पाय पडला की सासूबाई ओरडत, ते देवाधर्माने, पण व्यायामाला उपयोगी पडलं. मग जोत्याच्या पायऱ्या. चढणं लवकर आलं, उतरणं नाही. मग कापणी झालेल्या भाताच्या खाचरांतून बांधांवरून चालणं, कारण बांध अरुंद असतो आणि तिथे लंगडायला जागा नसते. एकदा ते बांधावरून खाली गेले. मी धावले. ते ढेकळांत बसून होते आणि गुडघा धरून हसत होते. "उकिडवा बसलो गो," म्हणाले, "पडता पडता बसलो." जखमेनंतर पहिल्यांदा ते उकिडवे बसले होते.

शिमग्याला आठवडा उरला तेव्हा आम्ही निघालो. ऊन चढायच्या आत चढ संपवायचा बेत होता. सासूबाई दारापर्यंत आल्या.

"मी येत नाय. ती मला बघंल, नि माज्याजवळ पोर हाय ता बघंल."

ओढ्यापर्यंतची वाट सोपी. पुढे सागाच्या पाचोळ्यातून घसरण. हवालदार पुढे काठी टेकत, मी मागे. निम्म्या वाटेच्या वर कडा लागतो. तिथे खडकात खोदलेल्या पावट्या आहेत, गुडघाभर उंच. पावट्यांच्या तळाशी वरच्या वाडीचे चार गडी डोली घेऊन बसले होते.

"आमी आपले लाकडाला आलो व्हतो," त्यांच्यातला एक म्हणाला.

"डोलीतून लाकडं नेता काय रे?" हवालदार म्हणाले आणि पावट्यांना लागले.

मधल्या टप्प्यावर त्यांचा गुडघा अडकला. पाय वर गेला आणि सरळच होईना. काठी निसटून खाली गेली. ते खडकावर आपटले आणि तिथेच बसले. गुडघा डोळ्यांदेखत सुजू लागला. गडी वर आले.

"हवालदार, बसा आता डोलीत. हितं कोन बगतंय? वाडीच्या तोंडाशी उतरवू. तितनं चाला."

हवालदार डोलीकडे बघत राहिले. ते बसणार हे मला दिसलं. सासूबाई खाली घरी होत्या. मी पदर खोचला आणि लाइन्समध्ये वर्षानुवर्षं रोज सकाळी ऐकलेल्या आवाजात ओरडले.

"हवालदार! सावधान!"

ते उभे राहिले. विचार करून नाही, सवयीने. तोंड पांढरं पडलं होतं, पण टाचा जुळल्या होत्या.

"आगे कदम! चल!"

डावा पाय वर, उजवा जोडीला. पुन्हा डावा वर, उजवा जोडीला. मी प्रत्येक पावटीला हुकूम दिला. गडी मोकळी डोली घेऊन मागून आले.

"वैनी बी फौजेत हायत काय?" एकाने हळूच विचारलं.

"हायेत," हवालदार म्हणाले. "माझ्या वर."

धोंडूच्या अंगणात वाडी जमली होती. त्याची आई दारात बसून वाल सोलत होती. चंद्रा तिच्या मागे चौकटीला धरून उभी होती, कपाळाला कुंकू. कोणी घोंगडी अंथरली. हवालदार बसले नाहीत. साहेबापुढे रिपोर्ट देतात तसे उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं: टेकडी, निशाण, हुकूम, उतार, नाला. काही गाळलं नाही, काही जोडलं नाही. म्हातारी वाल सोलत राहिली.

"तू बगितलास?"

"बघितलं."

"लांबनं?"

"हात धरला होता."

"काय बोलला?"

"शेवटी काय नाय. त्याआधी मी सांगितलं होतं, परत जा, हुकूम आहे. तो 'जी' म्हणाला आणि मला उचललं."

"म्हंजी आयकला नाय."

"नाय ऐकलं."

"ल्हानपनापासनं तसाच," ती म्हणाली. तिने सूप बाजूला ठेवलं. "ह्योच ना पाय? चाल बगू."

हवालदार चालले. दारापासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून दारापर्यंत. सुजलेल्या गुडघ्याने ते लंगडत होते. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत नव्हती, पायाकडे पाहत होती. ते समोर येऊन थांबले तशी ती भिंत धरून उठली आणि मागे न वळता म्हणाली, "चंद्रे, पानी तापव. समद्यांच्या आंगोळीला."

चंद्रा आत गेली. चूल फुंकल्याचा आवाज आला, मग थांबला. बायका आत धावल्या.

त्या शिमग्याला पालखी धोंडूच्या घरावरून पुढे गेली. ढोलवाल्यांनी तेवढ्या टप्प्यात चामड्यावर हात ठेवून आवाज बंद केला. हवालदारांना मेडिकल बोर्डाने पास केलं, पण सरहद्दीवर पुन्हा पाठवलं नाही. रंगरुटांच्या परेडीवर ठेवलं. पेन्शन घेऊन ते घरी आले त्यालाही आता काही वर्षं झाली. चंद्राचा पुढे रीतीप्रमाणे पाट लागला. तिला मुलं आहेत. म्हातारी गेली.

धोंडूविषयी एक गोष्ट तिने त्या दिवशी विचारली नाही म्हणून हवालदारांनी सांगितली नाही. मला त्यांनी ती नंतर सांगितली. धोंडू अंगाने किरकोळ होता. भरतीच्या वेळी छातीचं माप भरावं म्हणून श्वास कोंडून उभा राहिलेला पोरगा. हवालदार त्याच्याहून वीतभर उंच आणि वजनाने कितीतरी भारी. उतार सुट्या दगडांचा होता आणि वरून गोळ्या चालू होत्या. टेकडीपासून नाल्यापर्यंत त्याने त्यांना एकदाही खाली ठेवलं नाही.