पिल्लू ओरडलं नाही

परवा दुपारी आमच्याकडचं साळुंकीचं पिल्लू गेलं. एका पाखराचं काय एवढं, असं ज्यांना वाटेल त्यांनी पुढं वाचलं नाही तरी चालेल... मला राग नाही.

भवानी पेठेत आमची एक खोली आणि पुढं पत्र्याची पडवी. मालकानं मागच्या भिंतीची डागडुजी काढली आणि गवंड्यानं भोकातलं घरटं काठीनं ओढून खाली पाडलं. तीन पिल्लं होती. दोन जागीच गेली. तिसरं पिवळी चोच वासून माझ्याकडं असं बघत होतं, की जेवणाची वेळ जणू मीच चुकवली.

मोठी जोडी दिवसभर भिंतीवर कलकलाट करत होती. दुरडीत घालून पिल्लू पत्र्यावर ठेवून बघितलं, पण ती खाली उतरली नाहीत आणि दुसऱ्या दिवसापासून दिसलीही नाहीत. शेजारणी म्हणाल्या, माणसाचा हात लागला, आता कशाची घेतात.

उचललं मी, पण सांभाळलं ते यांनी.

हे म्हणजे माझे यजमान. मिलमध्ये वीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून यांचे कान गेले. आधी भोंगा बारीक ऐकू यायला लागला, मग माझी हाक... मग काहीच नाही. पण मागांवरची माणसं एकमेकांचे ओठ बघूनच बोलतात, त्यामुळं समोर उभं राहून बोललं की यांना सगळं कळतं.

गेल्या साली मिलनं माणसं कमी केली, त्यात यांचा नंबर लागला. कापसाच्या एका वखारीवर राखणदार पाहिजे होता म्हणून गेले, तर तिथला मुकादम बाजूच्या माणसाला हसत म्हणाला, चोर काय याला सांगून येणार आहे का. बहिऱ्याला काय कळतंय असं वाटलं असेल त्याला. यांना ओठांवरून अक्षर न् अक्षर कळलं.

त्या दिवसापासून हे घोंगडीवर भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. भिंतीकडं तोंड केलं की माझं बोलणंही बंद. नवऱ्याशी भांडायचं तरी कसं, सांगा.

पिल्लू आलं आणि माणूस उठला. उजाडायच्या आत तलावाकडं जायचे, नाकतोडे धरून पंचाच्या गाठीत बांधून आणायचे. दुपारचं भिजवलेलं फुटाण्याचं पीठ. पिल्लाचा आवाज यांना कुठला ऐकू यायला... म्हणून दुरडीसमोर बसून चोच कधी उघडते ते बघत राहायचे. रात्री दुरडी उशाशी, आणि पिल्लू हललं की जाग यावी म्हणून एक बोट आत.

परत बोलायलाही लागले. तेही असं मोठ्यानं, की सगळ्या आळीला बातमी. एकदा म्हणाले, "ह्याला उडाया आलं की सांगोल्याकडं जाऊन बघतो. कुणाची मेंढरं राखाय मिळतील. मला कान न्हाईत तर न्हाईत, कुत्र्याला असत्यात की."

मी हसले आणि आत जाऊन रडले. पिल्लू जगावं असं मला वाटत होतं ते पिल्लासाठी नव्हे, खोटं कशाला बोलू. यांच्यासाठी वाटत होतं.

परवा ऊन मरणाचं होतं. मी नळावर गेले होते आणि तिथं ही रांग. सकाळपासून उन्हात हिंडून आलेले हे दुरडी उशाशी घेऊन आडवे झाले, आणि यांचा डोळा लागला. झोपेत कूस वळली तसं बोट बाहेर आलं असणार. दुरडीच्या तळाला पीठ सांडलेलं होतं... लाल मुंग्या लागल्या.

मी घागर घेऊन आले तेव्हा हे गाढ झोपलेले. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. आणि यांच्या कानापासून वीतभर अंतरावर ते पिल्लू, नुसतं मुंग्यांनी भरलेलं.

झटकलं, पाणी घातलं. दोन-तीनदा चोच उघडली, मग मान पडली.

पलीकडची नरसम्मा, तेलुगू विणकराची बायको, दारात आली. "लई वेळ ओरडत होता अक्का. मी म्हटलं, भूक लागला आसंल, तुमचा मालक हाय की जवळ." मी तिला हातानंच गप्प केलं. तिचाही काही दोष नाही. ते ओरडायचंच रोज.

मग यांना हलवून उठवलं. यांनी पिल्लू तळहातावर घेतलं, पंखात राहिलेली एक मुंगी चिमटीनं काढली. काही विचारू नये असं मी मनात म्हणत होते. पण विचारलंच, नेहमीसारखं मोठ्यानं, "वरडलं का गं?"

मी यांच्या पुढ्यात बसले. ओठ नीट दिसतील अशी.

"न्हाई वो," मी म्हणाले. "झोपंतच गेलं."

हे माझ्या तोंडाकडं बघत राहिले... लई वेळ. मग पिल्लू माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडं वळून पडले.

तेव्हापासून उठलेले नाहीत. भाकरी ठेवली तशीच आहे. माझं खरं वाटलं की नाही, कळायला मार्ग नाही, आणि परत सांगायचं तर तोंड माझ्याकडं पाहिजे ना.

हे लिहितेय कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना, आणि यांना लिहिलेलं वाचता येत नाही. नरसम्मा त्यानंतर दोनदा येऊन गेली, एका शब्दानं बोलली नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही.

तुम्हीही आमच्याकडं आलात तर पिल्लाचा विषय काढू नका. यांना ऐकू येत नाही म्हणून आपसातसुद्धा कुजबुजू नका. आज ना उद्या हे तोंड इकडं करतील, तेव्हा ते कुणाच्या ओठांवर दिसायला नको.