तागावरच्या पतंगाची मादी

आठवीत शाळा सुटली. पुढे नवऱ्याच्या कामापायी देवगड सोडून जालन्याला आले आणि शेतकी कॉलेजच्या कीटकांच्या खोलीत झाडलोटीला लागले. डब्यावरचा माझा क्रोशाचा रुमाल पाहून तिथल्या मॅडम म्हणाल्या, "मेलेल्या कीटकांचे पंख फळीवर पसरून वाळवायला बस. महिनाभर बघू. जमलं तर कायम." त्यांचे उपकार फिटायचे नाहीत, पण रोज मी जीव मुठीत धरून कामाला बसायचे.

पतंग रात्रीचे, फुलपाखरं दिवसाची, एवढंच मला ठाऊक. पण तागाच्या पिवळ्या फुलांवर भर उन्हात उडणारा, पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके मिरवणारा तो देखणा जीव पतंग निघाला. मिशा दोऱ्यासारख्या, फुलपाखराच्या असते तशी टोकाला गाठ नाही. शिवाय मागच्या पंखाच्या मुळाशी एक राठ केस. तो पुढच्या पंखाखालच्या आकडीत अडकतो, म्हणून दोन्ही पंख एकदम हलतात. मॅडमचा नियम होता, काचेच्या पेटीत मांडण्याआधी प्रत्येकाचा तो केस भिंगाखाली बघायचा.

शेतकरी मेळाव्याच्या आदल्या दुपारी मंठ्याकडचा एक वाळलेला पतंग फळीवरून काढला, उलटा करून भिंगाखाली धरला. एका केसाचे तीन झालेले! पंख पसरताना माझीच सुई लागली असणार.

शेजारच्या टेबलावर चाचा गांधीलमाश्यांना टाचण्या टोचत होते. या खोलीत त्यांचे केस पिकलेले.

"तोंड कशाला उतरलं गं?"

"चाचा, केस फाटला."

"तुझा?"

"पतंगाचा!"

"मंग लाव गोंद न् ठिव पेटीत. उद्या लोक ठिपके पाह्यतील. खालून कोण पाह्यतंय?"

गोंदाची बाटली मी उघडलीसुद्धा. पण ज्या बाईनं विश्वासानं भिंग हातात दिलं, तिच्या पेटीत खोटं कसं ठेवू? पतंग तसाच उचलून त्यांच्यासमोर नेला. "मॅडम, माझ्याकडून फाटला."

मॅडम भिंगातून बघतच राहिल्या. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

"फाटलेल्या केसाची टोकं कशी असतील?" त्यांनी विचारलं. "नीट बघ."

मी वाकले. तिन्ही टोकं निमुळती, अख्खी. मुळंही तीन, वेगवेगळी.

"फाटला नाही, मॅडम! तीन उगवलेत!"

"मादी आहे ती. नराला एकच केस, मादीला दोन-तीन. पेटीत जोडी हवी म्हणून आठवडाभर मी मादी शोधतेय, आणि ही तुझ्या फळीवर!"

"घ्या!" चाचा ओरडले. "मी तर गोंद लावून तिचा नर करून राह्यल्तो!"

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "महिना संपायची वाट कशाला बघायची? कायम."

मी टाचणी उचलली. नराच्या शेजारी, बरोबर एका रेषेत, तिला बसवलं.