बारा सुया आणि एक चहाडी

इन्शिराहला पहिला संशय आला तो जावेच्या साबणावर. थंडीत कालव्यावर कपडे धुतले की तिच्या नडग्यांवर जांभळे ठिपके उठत. मग पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, "यकृतात काविळीचा सी विषाणू आहे. त्याच्याशी लढता लढता तुमचं शरीर स्वतःच्याच मूत्रपिंडांवर उलटलंय. हा रोग रक्तातून येतो."

रक्तातून म्हणजे कुठून, हे विचारायची तिला गरजच वाटली नाही. नवरा शौकी तरुणपणी चार वर्षं बगदादला गवंडीकाम करून आला होता. तिने त्याचं अंथरूण वेगळं केलं, चहाचा ग्लाससुद्धा वेगळा केला.

"बगदादला जेवायला कोण घालायचं तुला?"

"मीच शिजवायचो. मसुराची आमटी."

"चार वर्षं आमटी?"

"करपलेली."

तिचा काही विश्वास बसला नाही. कैरोत लेकाकडे कायमचं निघून जायचं ठरवून तिने गाठोडंही बांधलं. शौकी गुपचूप जाऊन रक्त तपासायला देऊन आला. अहवाल स्वच्छ निघाला. तो कागद त्याने भाकरीशेजारी ठेवला.

"आता मी विचारू? मी तिकडे असताना इथे कोण यायचं?"

आयुष्यात इन्शिराह गावाबाहेर राहिली नव्हती. संशय अंगावर आला की कसं जळतं, ते तिला त्या दिवशी कळलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही विचारलं, "लहानपणी शाळेत, कालव्याच्या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या किड्यांवरच्या सुया घेतल्या होत्या?"

घेतल्या होत्या तर! काचेची एक सिरिंज, सगळ्यांना तीच सुई, आणि पोरांची रांग. इन्शिराहने बाराच्या बारा घेतल्या, मास्तरांची शाबासकीही मिळवली. त्याच वर्गातला शौकी दरवेळी भिंतीवरून पसार व्हायचा. लग्नानंतरही ती त्याला भित्रा म्हणून हिणवत आली होती.

घरी येऊन ती गाठोडं सोडायला बसली. तेव्हा तो सापडला असता तर, या विचारात तिला गाठ सुटेना. मनात ठेववेना.

"तू तुतीच्या झाडावर लपायचास, ते मास्तरांना मी सांगितलं होतं."

"माहीत आहे," शौकी तिच्याच ग्लासातला चहा पीत म्हणाला. "तू सांगणार याची खात्री होती, म्हणून तर मी मक्यात लपलो."