साबणाच्या डबीतला फझ

संतोषनं पायानं बटण दाबलं आणि माझ्या दुकानातला स्पीकर घरघरायला लागला. गिटारच्या तारेला त्यानं अजून हातही लावला नव्हता.

"तालमीत बी असंच होतं, मॅडम," तो म्हणाला. "मालक म्हणतेत, ही घरघर घालव, नायतर घरी बस."

संतोष पाचोडकडचा. घरी मेंढरं. दिवसा वाळूजला कंपनीत, संध्याकाळी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार. त्या ऑर्केस्ट्राचे मिक्सर, ॲम्प्लिफायर मी दुरुस्त करायचे. आधी चिकलठाण्याला टीव्हीच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. तो बंद पडल्यावर पैठण गेटजवळ दुकान टाकलं. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी सगळ्या वादकांसमोर सांगितलं होतं, की मॅडमनी डबी दुरुस्त करून दिली तर संतोषला ठेवतो.

डबी म्हणजे पायानं चालू करायचं फझ पेडल. गिटारमधून येणारा सिग्नल फार बारीक असतो. फझ तो इतका वाढवतो की त्याची वरची-खालची टोकं छाटली जातात आणि तार फाटल्यासारखी, गुरगुरल्यासारखी वाजते. पण वाढवताना तो निवड करत नाही. तारेबरोबर वायरीत शिरलेला कचराही तेवढाच वाढतो. संतोषनं हे सर्किट जुन्या रेडिओतले ट्रान्झिस्टर काढून स्वतः जोडलं होतं. सोल्डरिंग असं, की आमच्या टेस्टिंग लाइनवर सहज पास झालं असतं. फक्त बसवलं होतं प्लॅस्टिकच्या साबणाच्या डबीत.

आधी ॲडॉप्टर काढून बॅटरी लावली. घरघर बरीच उतरली. म्हणजे ॲडॉप्टर विजेतली गुणगुण नीट गाळत नव्हता. मग डबीजवळ हात नेला. हात हलेल तसा आवाज कमी-जास्त व्हायला लागला. म्हणजे उरलेलं बाहेरून, आजूबाजूच्या वायरिंगमधून येत होतं. प्लॅस्टिक ते अडवत नाही, पत्रा अडवतो. सर्किट पत्र्याच्या डबीत हलवलं, डबी ग्राउंडला जोडली. आतल्या साध्या वायरी काढून शिल्डेड टाकल्या, म्हणजे ज्यांच्यावर तारेची जाळी असते त्या. आता नुसती बारीक सळसळ उरली. तेवढी कुठल्याही फझला असते.

संतोषनं कितीतरी वेळ गिटार वाजवली. मी थांबवलं नाही.

मालकांनी मला तालमीला बोलावलं. हॉलमध्ये मात्र तीच डबी पुन्हा बोलायला लागली. या वेळी घरघर नव्हती, कोरडी करकर होती. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "झालं ना बघून?"

मी नाही म्हटलं. पेडल काढून गिटार सरळ ॲम्पला लावली. करकर होतीच, फक्त बारीक. संतोषला जागेवरच वळायला सांगितलं, तर एका बाजूला तोंड केल्यावर ती गेली. म्हणजे गिटारचा पिकअपच, तारांखालचं चुंबकाचं वेटोळं, हवेतून काहीतरी पकडत होता. मग स्टेजचे लाइट बंद करायला लावले. एकदम शांत. लाइट अर्धे केले की सगळ्यात जास्त.

दोष डिमरचा होता. डिमर दिवा मंद करतो तो विजेची लाट मध्येच तोडून. प्रत्येक तोडीला एक झटका बसतो आणि आजूबाजूच्या वायरी तो उचलतात. मालकांनी नवा घेतलेला डिमर संतोषच्या पायाशी ठेवलेला होता. त्याच्या वायरी गिटारच्या केबलला चिकटून गेलेल्या, आणि डिमर, ॲम्प दोन्ही एकाच बोर्डावर.

मालक म्हणाले, डिमर बदलणार नाही, लोकांना लायटिंग दिसतं. मी म्हटलं, बदलू नका, नुसता हलवू द्या. लाइटवाल्याच्या मदतीनं डिमर स्टेजच्या दुसऱ्या टोकाला नेला, वेगळ्या लाइनवर घेतला. लाइट अर्धे केले. संतोषनं बटण दाबलं.

शांत. त्यानं एक सूर लांब ओढला आणि हातानं तारा बंद केल्या. पुन्हा शांत.

ड्रमवाला हसला. संतोष मालकांकडे बघत होता. मालकांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"की-बोर्डवाला ठरलाय आपला," ते म्हणाले. "गिटारचा आवाज त्यातच निघतो, बटण दाबलं की. माझ्या साडूचा पोरगाय, शब्द दिलाय. तुम्ही दुरुस्त होत नाय म्हणाल्या असत्या, तर लई सोपं झालं असतं."

"मग मला बोलावलं कशाला?"

"पोरं ऐकत नव्हती ना. संतोषच पाह्यजे म्हणत होती."

आत त्यांनीच जाऊन सांगितलं. पोरं आपापली वाद्यं जुळवायला लागली, ड्रमवालाही. संतोषनं केबल गुंडाळली, डबी पिशवीत टाकली. स्कूटरपाशी मला म्हणाला, "मॅडम, आवाज खरंच गेला होता ना?"

"गेला होता," मी म्हटलं.

ऑर्केस्ट्रा पुढं बरीच वर्षं चालला. डिमर मी ठेवला तिथंच राहिला. मालक येईल त्याला सांगायचे, आपला साउंड किती क्लीन आहे बघा. संतोष नंतर एकदाच दुकानात आला, घरचा वाटणाचा मिक्सर घेऊन. मोटरचे ब्रश झिजले होते, बदलून दिले. गिटारचं मी विचारलं नाही, त्यानंही विषय काढला नाही.

तेव्हापासून नॉइजची तक्रार घेऊन मालक मंडळी आली, की पेचकस उचलण्याआधी मी विचारते, की आवाज घालवायचाय, की माणूस.