माधवनगर ते धोम, एका मोटरीसाठी

एका सेटमागे मी दोनशे ऐंशी रुपये वाचवले होते. असे साठ नवे सेट केले. सत्तावन्न सुरळीत चालले, तीन डोंगराळ भागात मुके झाले. आता त्या बचतीची खरी किंमत सांगतो: दोन दिवस वर्कशॉपला कुलूप, जाऊन-येऊन पावणेचारशे किलोमीटरचं डिझेल, चार टोल, वाईत एक रात्र, आणि एका साठीच्या बाईचं रोज अर्धा किलोमीटर उतार उतरून परत चढणं. हे शेवटचं कुठल्याच बिलात बसत नाही. म्हणून ही सहल.

मी माधवनगरात शेतपंपाचे मोबाईल स्टार्टर बनवतो. विहिरीवरच्या पेटीत सिमकार्ड असतं. घरून रिंग दिली की मोटर सुरू होते आणि पेटी उलट फोन करून कळवते, 'मोटर सुरू झाली आहे.' हा आवाज माझ्या बायकोचा, सुनंदाचा. मोटर रिवाइंडिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पंखा बंद करून, घामानं भिजत आम्ही तो भरला होता. बाहेरची बाई आणायला तेव्हा पैसे नव्हते.

आधी माझे सगळे सेट जुन्या टूजीवर चालायचे. मोबाईलच्या लहरी, म्हणजे ज्याला स्पेक्ट्रम म्हणतात तो, काही कारखान्यात वाढवून मिळत नाही. आहे त्यात सगळ्यांना बसवायचं. नव्या सेवेला जागा करायची तर जुनीला सरकावं लागतं. बाहेरच्या देशांत टूजी बंद होतंय असं वाचलं आणि मी ठरवून टाकलं, आपल्याकडचंही जाणार. धोम धरणाच्या मागच्या अंगाला सुभेदार जाधव राहतात, फौजेतून निवृत्त. त्यांचा छान चालणारा सेट मी आग्रह करकरून काढला, फोरजीचा बसवला. नव्यातला मोड्यूल, म्हणजे लहर पकडणारा भाग, स्वस्तातला, दुसऱ्या देशासाठी बनलेला. ते दोनशे ऐंशी रुपये तिथेच वाचले होते. आपल्याकडे डोंगराआड जी खालच्या पट्ट्यातली लहर पोचते, ती ऐकायचे कान त्याला नव्हतेच. जुना सेट परत बसवावा, तर तो मी मोडून सुटे भाग वापरून मोकळा झालो होतो.

सुभेदारांचा गुडघा मिरजेत बदललाय, त्यामुळे खालच्या विहिरीवर त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, जातात. सुभेदार फोनवर शांतपणे म्हणाले की आणखी एकदा बघू, जमलं नाही तर स्ट्रॉबेरीचा वीस गुंठ्याचा तुकडा वाट्यानं देऊन टाकतो, हिला रोज खाली धाडणार नाही. मागून काकींचा आवाज आला, "मी देनार न्हाई." सेट कुरियरनं पाठवता आला असता. पण चूक माझी होती. सुनंदाला म्हटलं, चल.

सकाळी सहाला निघालो. सांगली ते पेठ नाका या रस्त्यावर सांगलीकरांनी आयुष्यात जेवढा संताप खर्च केलाय, त्याच्या मानानं आता गाडी बरी पळते. पुढे हायवेला कराडच्या आसपास कामं सुरू आहेत, तास जादा धरा. नाक्यावर मिसळ आणि चहा घेतला, दोघांचे दोनशेच्या आत. शेजारच्या टेबलावर दोघं रेंजवरून भांडत होते. एक म्हणत होता, टॉवर घरातनं दिसतोय पण रेंज नाही. दुसरा म्हणाला, "टॉवर बघून पोट भरतंय व्हय तुझं?"

मला राहवलं नाही. खुर्ची वळवून मी त्यांना लहरींचं सगळं समजावलं आणि वर ऐकवलं, "टूजीचे दिवस भरलेत, हे मी चार वर्षांपूर्वी ओळखलं. आख्ख्या सांगली जिल्ह्यात एवढं लांबचं बघणारा दुसरा माणूस दाखवा."

सुनंदा चहात बघत म्हणाली, "म्हणूनच तर निघालोय आपण."

पहिले दोन सेट कराडच्या पश्चिमेच्या डोंगरात बदलले, तासा-तासाचं काम. तिथे एका घरी सुनंदानं पाणी मागितलं आणि ओसरीवर शेंगा फोडत बसलेले आजोबा थांबले. तिच्याकडे बघत राहिले. मग घरात हाक मारून म्हणाले, "आवं, ह्या तर आमच्या मोटरीतल्या बाई." सगळं घर बाहेर आलं. आजोबांची एक तक्रारही होती. मोटर बंद पडल्यावरही बाई तेवढ्याच गोड आवाजात सांगतात. "तवा जरा रागं बोलत जावा, म्हंजे मानूस पळतंय." सुनंदानं मान हलवून कबूल केलं. पुढे कराडात आख्खा मसूर आणि भाकरी जेवलो, साताऱ्यात कंदी पेढे घेतले, आणि या सगळ्या वेळात ती गाडीत एकटीच हसत होती. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, एवढी खूश मी तिला पैशानं करू शकलो नाही.

वाईत घाटाजवळ बाराशेला स्वच्छ खोली मिळाली. शनिवार-रविवारी जाणार असाल तर आधी फोन करा. संध्याकाळी कृष्णेच्या पायऱ्यांवर बसलो. हेच पाणी पुढे आमच्या सांगलीला जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोमकडे. धरणाच्या कडेचा रस्ता बघण्यासारखा आहे, नजर पाण्यावर जाते म्हणून गाडी हळू हाका. शेवटचा दोनेक किलोमीटर कच्चा. बुटकी गाडी असेल तर देवळापाशी लावून चालत जा. अंगणात सुभेदार खुर्चीवर ताठ बसले होते, काठी मांडीवर आडवी. मला वाटलं होतं ऐकून घ्यावं लागेल. त्यांनी आधी चहा पाजला, मग म्हणाले, "चौगुले, तुमी आला हे लय झालं. बसवा."

मी पेटी घेऊन काकींच्या मागून उतरलो. त्या पुढे भराभर चालत होत्या. मीच दोनदा थांबलो. विहिरीवर नवा सेट जोडला, या वेळी आपल्याकडच्या पट्ट्यांचा. रिंग लागेना. दिवा लुकलुकून विझायचा. काकी पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. एवढ्यात सुनंदासोबत वरच्या बांधावर आलेल्या सुभेदारांचा परेडवरचा आवाज आला, "अँटेना खांबावर घ्या. तोंड धरणाकडं." ते फौजेच्या सिग्नल शाखेतले, बिनतारी संदेशांचं काम, पंचवीस वर्षं हेच केलेलं. खांबावर चढून अँटेना फिरवली. दिवा स्थिर झाला. वरून त्यांनी रिंग दिली.

मी चाळीस वर्षं मोटरींचे आवाज ऐकतोय. पेटीत वीज जोडणारा कॉन्टॅक्टर खट्कन बसला, मोटर भरून घुमली, पाईप गार झाला. मग वरून स्पीकरवर सुनंदाचा आवाज ऐकू आला, मोटर सुरू झाली आहे, आणि लगेच खऱ्या सुनंदाचं हसणं. काकी ठिबकच्या नळीला हात लावून बसल्या. पाणी आलं तशा म्हणाल्या, "आता चढले की आज परत उतरायचं न्हाई."

जेवायला बसलो तेव्हा सुभेदारांनी विचारलं, "हे किती वर्सं चालंल?"

पेटीचं विचारलं असतं तर सांगितलं असतं, दहा-बारा वर्षं बिनघोर. पण ते लहरीचं विचारत होते. मी म्हटलं, माहीत नाही. कंपनीवाले आज एक सांगतात, पुढच्या वर्षी दुसरं.

सुभेदार फौजेतलं सांगू लागले. हलायच्या आधी कुठल्या तुकडीनं कुठल्या लहरीवर बोलायचं याचा कागद हातात असायचा, नाहीतर सगळे एकदम बोलणार आणि कुणालाच ऐकू येणार नाही. पुढे मोबाईल आले तेव्हा फौजेच्याही काही लहरी मागितल्या गेल्या. "घर रिकामं करा म्हनायला एक मिनिट लागतंय. दुसरं घर बांधायला वर्सं जात्यात. ते आदी ठरवाय लागतंय."

काकी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पाटाच्या पान्याची पाळी हंगामाआदी सांगत्यात. म्हनून काय लावायचं ते आमी ठरवतो. ह्या लहरींची पाळी कोन सांगतंय?"

वर्कशॉपमध्ये मी जे अंदाज बांधत होतो, ते पाळी माहीत नसताना ऊस लावण्यासारखंच होतं. टॉवरवाला, फोन बनवणारा, माझ्यासारखा पेटीवाला, प्रत्येकाचा माल दहा-पंधरा वर्षं टिकायचा असतो. कोणती लहर कोणाला, कधीपासून, जुनी कधीपर्यंत, हे देशानं पुष्कळ आधी सांगितलं, शेजारच्या देशांशी जुळवून सांगितलं, तर कारखाने त्या बेतानं माल काढतील. नाही सांगितलं तर प्रत्येक जण आपापला अंदाज करणार, आणि अंदाज चुकला की उतार काकी उतरणार.

निघताना काकींनी तुकड्यात जाऊन दोन पुडे स्ट्रॉबेरी तोडून आणली. पैसे काढले तर त्यांनी सुनंदाकडे बघून सांगितलं की बाईंनी एवढी वर्षं फुकट निरोप दिले, त्यात हे फिटलं. स्ट्रॉबेरी घ्यायला घाट चढून पाचगणीला जाणार होतो, ते त्यामुळे राहिलं. तुम्ही वाईपर्यंत गेलात तर पसरणी घाट चढाच, आमच्यासारखं करू नका.

संध्याकाळी सातला घरी. या सहलीनं मला काय दिलं ते लिहून ठेवतो. ज्यांचं नुकसान केलं त्यांनी जेवू घातलं आणि वर शिकवलं, हे भाग्य धंद्यात सगळ्यांना मिळत नाही. आता प्रत्येक पेटीवर ती कोणत्या पट्ट्यांवर चालते ते मराठीत छापतो, आणि लहर किती वर्षं राहील ते मला माहीत नाही, असंही. गिऱ्हाईक वाचून हसतं, पण घेतं.

सुभेदारांचा तुकडा काकींकडेच आहे. पेटी रोज बोलते.

परतल्यावर आठवडाभर बसून, ज्या चाळीसेक लोकांनी माझं न ऐकता जुनेच सेट ठेवले त्या सगळ्यांना फोन केले, सेट कसे आहेत विचारायला. सगळ्यांच्या मोटरी सुरू आहेत. टूजी अजून चालू आहे.