तिसरी खुर्ची उचलणाऱ्या वकीलबाई

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टूवूंबा गावात माझ्या गल्लीत एक वकीलबाई राहतात. वय साठीचं, करड्या केसांत कायम पेन्सिल खोचलेली, आणि समोरच्याचं बोलणं संपलं की मनात तीन मोजूनच स्वतः तोंड उघडणार. मला आधी वाटायचं, बाईंना ऐकू कमी येतं की काय!

कोविडच्या दिवसांत लेकाने घर घ्यायचं ठरवलं. त्याच्या कर्जाला माझं घर तारण द्यायचं होतं, ह्यांच्या मागे उरलेलं तेवढंच एक. त्याच्याच वकिलाने माझेही कागद केले, तर बँकेने ते परत पाठवले. आईचा वकील वेगळा हवा म्हणे. लेक वैतागला. मी म्हटलं, वेगळा हवा ना, मग मीच निवडणार. आणि गेले ते थेट या बाईंकडे.

त्यांनी व्हरांड्यात अंतर ठेवून दोनच खुर्च्या मांडल्या होत्या. लेकाने आतून तिसरी आणली. बाईंनी ती उचलून परत आत ठेवली.

“मेट,” इथे कुणालाही मित्रासारखं म्हणतात तसं त्या लेकाला म्हणाल्या, “तू गाडीत बस.”

“अहो, आईला इंग्लिश नीट कळत नाही!”

“फोनवर मराठी दुभाषी आहे.”

लेक गेल्यावर बाईंनी मला विचारलं, “मुलाचे हप्ते थकले, तर कुणाचं घर जाईल?”

“माझं,” मी म्हटलं. इतके दिवस हे आमच्या घरात कुणी बोललंच नव्हतं बघा.

बाईंनी कागद मिटले. “आज सही नको. उद्या या.”

गाडीत बसले तर लेक म्हणाला, “झाली सही?”

“नाही. आज विचार करणार आहे.”

“आता कसला विचार, आई?”

“माझ्या घराचा.”